बारा-पाच, बारा-पाच, बारा-पाच: एनएफसी ईस्टच्या ज्योतिषांना उत्तर

गणपती जवळ आले की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी कोण घेतंय याची विचारणा, आणि एनएफसी ईस्टमध्ये यंदा कोण कितवं येणार याचा फॉरवर्ड. मोदकांबद्दल माझी काही तक्रार नाही.

ज्यांना अमेरिकन फुटबॉलचा गंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ, एनएफसी आणि एएफसी अशा दोन कॉन्फरन्समध्ये (मोठ्या गटांत) वाटलेले, आणि त्यांच्या चार-चारच्या आठ डिव्हिजन. एनएफसी ईस्ट ही त्यातली एक: फिलाडेल्फिया ईगल्स, डॅलस काउबॉइज, वॉशिंग्टन कमांडर्स आणि जायंट्स. जायंट्स नावाला न्यू यॉर्कचे, खेळतात मात्र आमच्या जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. डिव्हिजनमध्ये पहिला आलेला संघ थेट प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) जातो, म्हणून क्रमांकाचा एवढा सोस.

फॉरवर्ड पाठवणारे काका ग्रुपमधले सगळ्यात जुने. मजकूर थोडक्यात असा: या डिव्हिजनमध्ये गतविजेता पुन्हा पहिला येत नाही हा वीस वर्षांचा नियम आहे, २०२५ हा अपवाद. तळाचा संघ वर येतो, कारण त्याला सोपं वेळापत्रक मिळतं. प्रतिस्पर्ध्यांची गेल्या वर्षीची कामगिरी पाहा, कुणाचा रस्ता सोपा ते कळेल. अटीतटीचे सामने जिंकणारा संघ जिगरबाज, तो पुढेही जिंकणार. आणि ऑगस्टमधले सराव सामने पाहा, शितावरून भाताची परीक्षा. त्याखाली चारही संघांचे क्रमांक, एक ते चार, छातीठोक.

गतविजेत्यापासून सुरुवात करतो. आकडे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. ईगल्सनी २००१ ते २००४ सलग चार वर्षं डिव्हिजन जिंकली, आणि त्यानंतर २०२४ पर्यंत एकाही संघाला लागोपाठ दोनदा पहिलं येता आलं नाही. म्हणजे सलग वीस वेळा खांदेपालट. दरवर्षी चार चिठ्ठ्या टाकून एक उचलली, तर वीस वेळांत एकदाही मागचीच चिठ्ठी न येण्याचा योग साधारण तीनशेत एक. दुर्मीळ खराच. पण डिव्हिजन आठ आहेत, आणि ‘सलग इतकी वर्षं असं झालं नाही’ या साच्यात बसणाऱ्या गोष्टी शेकड्यांनी काढता येतात. शोधणाऱ्याला काही ना काही सापडतंच. शिवाय चिठ्ठीला गेल्या वर्षी काय निघालं ते आठवत नसतं. त्याच लीगमध्ये, खेळाडूंच्या पगारावर तीच मर्यादा असताना, पेट्रियट्सनी २००९ ते २०१९ सलग अकरा वेळा आपली डिव्हिजन जिंकली आणि चीफ्सनी २०१६ ते २०२४ सलग नऊ वेळा. तिकडच्या काकांनी ‘गतविजेताच जिंकतो’ असा नियम लिहिला असणार. मग २०२५ मध्ये चीफ्स ६-११ (सहा जिंकले, अकरा हरले) झाले, त्यांनाही अपवाद सापडला असणार.

नियम म्हणायचा तर त्यामागे एखादं कारण लागतं. इथं दरवर्षीचं कारण निराळं. काउबॉइज २०१४ ला १२-४ होते. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) टोनी रोमोचं कॉलरबोन मोडलं, तो चारच सामने खेळला आणि संघ ४-१२ वर आला. ईगल्स २०२२ ला १४-३ होते. २०२३ ला तर ते १०-१ होते! थँक्सगिव्हिंगच्या त्या आठवड्यात ईगल्स पहिले येणार नाहीत असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही त्याला जेवायला वाढलं नसतं. नंतरच्या सहापैकी पाच सामने ते हरले. यात हाड आहे, ढासळलेला बचाव आहे, शाप कुठं दिसत नाही.

आणि आता शीर्षकातली गोष्ट, कारण माझ्या मते सगळी मेख तिथं आहे. काउबॉइज २०२१ मध्ये १२ जिंकले, ५ हरले: पहिले. २०२२ मध्ये १२ जिंकले, ५ हरले: दुसरे. २०२३ मध्ये पुन्हा १२ आणि ५: पुन्हा पहिले. तीन वर्षं संघाचा निकाल एका सामन्यानंही हलला नाही. मधल्या वर्षी शेजारच्या ईगल्सनी १४ जिंकले, एवढंच. शेजाऱ्यांच्या मुलाला जास्त मार्क पडले म्हणून आपल्या मुलाचे मार्क कमी होत नाहीत, नंबर मात्र घसरतो. फॉरवर्डमध्ये २०२२ चे काउबॉइज ‘गतविजेत्याला शाप भोवला’ या रकान्यात जमा आहेत. क्रमांक ही संघाच्या एकट्याच्या मालकीची वस्तूच नाही. ती चौघांची सामायिक भिंत आहे. तिच्यावरून एका घराची उंची मोजायला गेलं की असंच होतं.

तळाचा संघ वर येतो, या मुद्द्यात निम्मं सत्य आहे आणि तेच जास्त फसवतं. २००५ ते २०२४ या वीस वर्षांत आदल्या वर्षीचा शेवटचा संघ सात वेळा पहिला आला: २००६, २०१२, २०१३, २०१५, २०१६, २०१७, २०२०. सात थोडे नव्हेत. पण तेरा वेळा आला नाही, हे फॉरवर्डमध्ये नाही. जायंट्स २०१७ ला तळाला होते, २०१८ लाही तळाला. २०२४ ला तळाला, २०२५ लाही तळाला. पार्किंगसाठी सोन्याच्या भावानं पैसे मोजून आम्ही तो तळ प्रत्यक्ष पाहिलेला आहे.

वर येण्याचं कारण म्हणून जे सोपं वेळापत्रक सांगितलं जातं, त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहा. सतरा सामने. त्यातले सहा आपल्याच डिव्हिजनच्या तिघांशी, दोन-दोनदा. चार सामने आपल्याच कॉन्फरन्सच्या एका अख्ख्या डिव्हिजनशी, चार दुसऱ्या कॉन्फरन्सच्या एका अख्ख्या डिव्हिजनशी, आणि ही दोन्ही जेवणं चौघांच्याही पानात सारखीच. झाले चौदा. उरले तीन. तेवढेच गेल्या वर्षीच्या क्रमांकावर ठरतात: पहिला इतर डिव्हिजनच्या पहिल्यांशी, शेवटचा शेवटच्यांशी. म्हणजे तळाला असण्याचं बक्षीस म्हणजे सतरातले तीन सामने, तेही गेल्या वर्षीच्या दुबळ्यांशी, जे यंदा दुबळे असतीलच असं नाही. खरं कारण बहुतेक वेळा समोर दिसत असतं. २०१२ ला वॉशिंग्टनकडे रॉबर्ट ग्रिफिन हा नवा क्वार्टरबॅक आला, २०१३ ला ईगल्सकडे चिप केली हा नवा प्रशिक्षक, २०१६ ला काउबॉइजकडे डॅक प्रेस्कॉट आणि इझिकिएल इलियट हे दोन नवखे.

आणि २०२० ला? तेव्हा वॉशिंग्टन ७-९ एवढंच वर आलं, बाकीचे तिघे त्याच्याही खाली राहिले. ३ जानेवारी २०२१, रविवार रात्र, सीझनचा अगदी शेवटचा सामना. वॉशिंग्टन जिंकलं तर ७-९ वर डिव्हिजन त्यांची. हरलं तर ६-१० वर जायंट्सची. (होय, हरलेल्या सामन्यांचीच संख्या जास्त असलेले संघ पहिल्या नंबरसाठी भांडत होते.) प्रतिस्पर्धी ईगल्स, ज्यांचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. चौथ्या क्वार्टरमध्ये ईगल्स फक्त तीन गुणांनी मागे, आणि प्रशिक्षक डग पीडरसन यांनी क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून तिसऱ्या पसंतीच्या नेट सडफेल्डला मैदानात पाठवलं. त्याचा एक पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, एकदा चेंडूच हातून निसटला. २०-१४, वॉशिंग्टन पहिलं. जायंट्सचे खेळाडू हे सगळं टीव्हीवर बघत होते, आम्हीही. क्रमांक तिसऱ्याच संघाच्या प्रशिक्षकाच्या मनात काय आलं त्यावर ठरला. हे कुठल्या फॉरवर्डच्या कुठल्या रकान्यात मांडायचं?

प्रतिस्पर्ध्यांच्या गेल्या वर्षीच्या कामगिरीवरून रस्ता मोजण्याची गत काय होते त्याला २०२५ पुरेसं आहे. त्या वर्षी एनएफसी ईस्टच्या वाट्याला चीफ्स आणि बेअर्स दोघेही होते. आदल्या वर्षी चीफ्स १५-२, बेअर्स ५-१२. हिशेबात एक डोंगर, एक उतार. ईगल्स चीफ्सना त्यांच्या घरी हरवून आले आणि बेअर्सकडून आपल्या घरी हरले. सीझन संपला तेव्हा बेअर्स ११-६ होते.

जिगरीचा मुद्दा सगळ्यात गोड, म्हणून त्यावर जरा थांबतो. मिनेसोटा व्हायकिंग्ज, २०२२, शेजारची डिव्हिजन एनएफसी नॉर्थ. एका टचडाऊनच्या (चेंडू गोललाइनपलीकडे नेऊन मिळणाऱ्या गुणांच्या) फरकात सुटलेले अकरा सामने, अकराही जिंकले. १३-४, डिव्हिजन खिशात. त्यातला एकच सामना जवळून पाहू. १३ नोव्हेंबर, बफलो. बिल्स २७-२३ पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही. व्हायकिंग्जचा कर्क कझन्स गोललाइनवर चेंडू घेऊन घुसतो आणि इंचांनी कमी पडतो. चेंडू बिल्सना. सामना संपल्यात जमा. आता जोश ॲलननं चेंडू घेऊन फक्त पुढे रेटायचं. मधल्या खेळाडूनं पायांमधून मागे दिलेला चेंडू त्याच्या हातात बसतच नाही, खाली पडतो, आणि बिल्सच्याच एंड झोनमधल्या (गोललाइनपलीकडच्या पट्ट्यातल्या) त्या ढिगाऱ्यात एरिक केंड्रिक्स त्यावर पडतो. टचडाऊन, व्हायकिंग्ज पुढे. बिल्सनी बरोबरी साधली, जादा वेळेत व्हायकिंग्ज ३३-३० जिंकले.

यात जिगर आहे, मान्य. पण समोरच्याच्या हातातून चेंडू निसटणं ही माझी जिगर कशी? पुढच्याच आठवड्यात याच संघाला काउबॉइजनी त्यांच्याच मैदानावर ४०-३ असं धुतलं. सीझनभरात व्हायकिंग्जनी केलेले गुण ४२४, खाल्लेले ४२७. तेरा सामने जिंकलेल्या संघाचा गुणफरक उणे तीन! प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात जायंट्सनी त्यांना ३१-२४ हरवलं, म्हणजे तोही अटीतटीचाच सामना. पुढच्या वर्षी ७-१०. यावर काका म्हणणार की त्या वर्षी कझन्स जखमी झाला. झाला, पण ज्या सामन्यात झाला तो जिंकूनही संघ ४-४ वर होता. एखाद्या संघाबद्दल एकच आकडा बघायची मुभा असेल तर मी जिंकलेले सामने बघणार नाही, गुणफरक बघेन.

सराव सामने: डेट्रॉइट लायन्स २००८, सरावात ४-०, सीझनमध्ये ०-१६. क्लीव्हलँड ब्राउन्स २०१७, सरावात ४-०, सीझनमध्ये ०-१६. शितं छान होती.

‘मग तू सांग ना काय होणार ते,’ असं काकांनी मला ग्रुपवर सुनावलंच. त्यांच्या जागी मी क्रमांक लिहिलेच नसते. प्रत्येक संघ किती ते किती सामने जिंकेल एवढं लिहिलं असतं, आणि दोन संघांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील तर ते तसेच राहू दिले असते. २०१० ला ईगल्स आणि जायंट्स दोघेही १०-६ होते. आपसातले दोन्ही सामने ईगल्सनी जिंकले होते म्हणून ते पहिले. त्यातला दुसरा, १९ डिसेंबरचा: जायंट्स आठेक मिनिटं उरली असताना ३१-१० पुढे होते, शेवटच्या १४ सेकंदांना ३१-३१. जायंट्सना पंट (समोरच्यांकडे लांब लाथाडलेला चेंडू) मैदानाबाहेर मारायचा होता, तो सरळ ईगल्सच्या डीशॉन जॅक्सनकडे गेला. त्याच्या हातून आधी निसटला, मग त्यानं उचलला आणि ६५ यार्ड पळत सुटला. गोललाइनपाशी पोचल्यावर आत न जाता घड्याळ संपावं म्हणून रेषेला समांतर आडवा धावला. जायंट्स दुसरे, आणि १०-६ असूनही प्लेऑफच्या बाहेर.

गेल्या वर्षीचा, २०२५ चा फॉरवर्ड मी जपून ठेवलाय. ‘ईगल्स गतविजेते, म्हणजे बाद’ असं म्हणून त्यात पहिल्या क्रमांकावर वॉशिंग्टन होतं. त्यांचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स दुखापतींमुळे सतरापैकी सातच सामने खेळू शकला. ५-१२. ईगल्स पहिले आले. तो मेसेज काकांनी नोव्हेंबरात ‘सर्वांसाठी डिलीट’ करून पाहिला, पण तोवर ती मुदत उलटून गेली होती.