मानसिकतेला दोष देण्याआधी

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या गच्चीवर सोलर बसवण्यावरून जुंपली आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालवायचे, असा प्रस्ताव आहे. वाद तापला की कोणीतरी लिहितंच, ‘जर्मनीत बघा, लोक किती जागरूक! आपल्याकडे मानसिकताच नाही.’ मी जर्मनीत राहतो आणि मला हे अजिबात पटत नाही.

इथे भाड्याचं घर बघायला गेलं की मालकाला इमारतीचा ऊर्जा-दाखला दाखवावाच लागतो. हिरव्यापासून लालपर्यंत पट्टी, ‘ए प्लस’ ते ‘एच’ अशा श्रेणी आणि वर एक बाण. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट ऊर्जा लागते, ते हा बाण सांगतो. तो लालकडे झुकलेला दिसला की माणूस जागच्या जागी हिवाळ्यातल्या हीटिंगचा हिशेब मांडतो. २०२२मध्ये गॅसचे दर भडकल्यावर तर माझ्या ओळखीचे लोक भाड्याआधी बाण विचारू लागले. पर्यावरणाची कळकळ त्यांनाही असते, पण निर्णय होतो तो त्या कागदावर.

लोक ऊर्जेचा विचार करतात, त्याचं दुसरं कारण शेजार. बाल्कनीच्या कठड्याला टांगायच्या ८०० वॅटपर्यंतच्या सोलरचे नियम इथे २०२४मध्ये सोपे झाले. आमच्या गल्लीत एकाने पॅनल लावलं, की समोरचे येऊन ‘बिल किती उतरलं?’ विचारतात. एका घरावरचं सोलर बघून आसपासचे लोक बसवतात, हे कॅलिफोर्नियातल्या २०१२च्या अभ्यासातही दिसलं होतं.

नाशिकला ऊन तर इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. अडतं ते फायदा कोणाला, या प्रश्नावर. राज्याच्या २०२०च्या बांधकाम नियमावलीत हरित मानांकनासाठी ३ ते ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याची मर्यादा) आहे, पण तो मिळतो बिल्डरला. फ्लॅट विकून तो मोकळा, लाइट बिल राहणाऱ्यांच्या गळ्यात. केंद्राच्या ‘सूर्यघर’ योजनेत घरावरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे. स्वतःची गच्ची असलेला बंगलेवाला ते पटकन घेतो. सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात, पण आधी सभासदांची संमती जमवायची. त्यात बरेच फ्लॅट सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांना भाड्याने दिलेले, मालक बाहेरगावी.

म्हणून सेक्रेटरीकाकांना मी एवढंच सुचवलंय: सामाईक मीटरची वर्षभराची बिलं आणि सोलरचं कोटेशन लिफ्टशेजारी लावा. दर फ्लॅटचे पैसे किती वर्षांत वसूल होतील तेही खाली लिहा. आणि ज्या सोसायटीत सोलर आधीच बसलंय, तिथल्या कोणालातरी त्यांची जुनी-नवी बिलं घेऊन मीटिंगला बोलवा.