ताई, ताक घालून बघा

कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडायला लागलाय? अभिनंदन! बागप्रेमींच्या एखाद्या ग्रुपवर फोटो टाका, खाली हात जोडलेला इमोजी ठेवा आणि चहा टाकायला जा. चहाला उकळी येईपर्यंत महाराष्ट्रभरातले वैद्य दारात उभे असतील. मी गेल्या महिन्यातच या उपचारांतून गेले आहे, त्यामुळे हक्कानं सांगते.

फोटो शक्यतो रात्री, फ्लॅश मारून काढावा. पिवळं पान पांढरं दिसलं पाहिजे आणि मागचं वॉशिंग मशीन लख्ख. (मी मूर्खासारखा सकाळच्या उजेडात, कुंडीसकट अख्खा फोटो काढला. त्याबद्दल पुढे बोलूच.) ऊन किती, पाणी किती, कुंडी केवढी, हे काही लिहू नका. विचारणारही कुणी नाही.

पहिलं उत्तर येईल, 'ताई, पाणी जास्त होतंय.' दुसरं येईल, 'ताई, पाणी कमी पडतंय.' दोन्ही पाळा.

सल्ला देणारा राहतो कुठे, हे तर मुळीच बघायचं नाही. मी डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या गॅलरीत. मला रत्नागिरीच्या दादांनी सांगितलं, 'काही करू नका, पावसावर सोडून द्या.' त्यांच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. माझ्या ग्रिलमधून चार थेंब आत येतात, तेही वाळत घातलेल्या टॉवेलवर. सोलापूरच्या काकांकडे रत्नागिरीच्या चौथा हिस्साही पाऊस नाही, म्हणून त्यांनी सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी सांगितलं. न्यू जर्सीच्या एका ताईंनी तर मे महिन्यात मला बजावलं, 'थंडीत घरात घ्यायला विसरलात ना? आमच्याकडेही असंच झालं.'

प्रमाण विचारू नये. 'थोडंसं', 'मूठभर' आणि 'अधूनमधून' ही बागकामातली प्रमाणित मापं आहेत.

कुणीतरी आपल्या अंगणातल्या पुरुषभर उंचीच्या झाडाचा फोटो टाकेल आणि लिहील, 'मी तर काहीच करत नाही, असाच वाढतो.' त्यांना 'वा, सुंदर!' म्हणा. म्हणावंच लागतं.

आता औषधं. पहिल्या दिवशी आंबट ताक, एक तांब्या. दुसऱ्या दिवशी तांदळाचं धुवण. तिसऱ्या दिवशी केळीच्या सालींचं पाणी, म्हणजे पोटॅशियम मिळतं आणि वर चिलटंही मिळतात. चौथ्या दिवशी एप्सम सॉल्ट पाण्यात विरघळवून. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर उलट, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. पण हे कुणी विचारायचं नसतं. पान पिवळं म्हणजे पिवळं, घाला.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे जीवामृत, शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत.

जीवामृताला मी नावं ठेवत नाहीये. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी ते शेतकऱ्यांसाठी सांगितलं, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, सगळं मान्य. पण ती कृती एका एकराची आहे! २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. माझ्याकडे बांध नाही, माझ्याकडे १२ इंची कुंडी आहे. तरी मी भागाकार केला. बादलीला अर्धा किलो शेण. डोंबिवलीत अर्धा किलो ताजं शेण कुठे मिळतं, हे ग्रुपवर विचारून बघा. मी विचारलं, तर उलट प्रश्न आला (सगळ्या महिन्यात मला विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न) की गाय देशी आहे ना? कारण जर्सीचं चालत नाही. त्यावर कुणीतरी 'का चालत नाही?' म्हणालं आणि पुढचे दोन तास गाय, संस्कृती, युरिया, कॅन्सर, एकोणीस-एकोणीस-एकोणीस नावाचं रासायनिक खत, गेली सत्तर वर्षं आणि सध्याचं सरकार. माझा कढीपत्ता बिचारा वरच्या वर कुठेतरी राहून गेला. अ‍ॅडमिननं शेवटी 'कृपया विषयाला धरून बोला' असं लिहिलं आणि खाली स्वतःच्या गुलाबाचा फोटो टाकला. मी तोपर्यंत गॅलरीत बसून ती बादली काठीनं ढवळत होते, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी विचारायला आले की ड्रेनेज तुंबलंय का.

अंड्याची टरफलंही घाला. ती विरघळेपर्यंत तुमचं होम लोन फिटेल.

झाडाची सगळी पानं गळाली, त्या दिवशी एकीनं विचारलं, 'ताई, बी मिळेल का?'

मग मी रोप उपसलं. मुळं काळी, लिबलिबीत, आणि गटारासारखा वास. कुंडीखाली ताटली होती. पाण्यानं काठोकाठ भरलेली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कपड्यांवर पाणी ठिबकतं म्हणून मार्चमध्ये मीच ठेवलेली. कढीपत्ता दोन महिने त्या डबक्यात पाय बुडवून उभा होता, आणि वरून मी रोज नवीन द्रव ओतत होते. ताक, धुवण, साली, मीठ, शेण. सगळे उपाय पातळ!

आणि ती ताटली फोटोत होती. निळी. चांगली ठळक दिसत होती.

६३ जणांनी उत्तरं दिली होती. त्रेसष्ट! एकालाही वाटलं नाही की जरा फोटो मोठा करून बघावा, 'खाली पाणी साचलंय का' एवढं विचारावं? डॉक्टर नाडी न बघता गोळी देतो तेव्हा शिव्या घालता ना त्याला? मग तुम्ही काय करता? यातल्या किती जणांनी कढीपत्त्याला स्वतः ताक घालून बघितलंय? कुणीतरी घातलं, कुणाला तरी सांगितलं, तुम्ही वाचलं आणि मला ढकललंत. माहीत नसेल तर गप्प बसा की! कुणी परीक्षा घेत नाहीये तुमची. आणि मीही तेवढीच बिनडोक. स्वतःच्या हातानं ठेवलेली ताटली मला दिसली नाही, पण न्यू जर्सीच्या बाईंचं म्हणणं मी दोनदा वाचलं. ते रोप सासूबाईंनी गुहागरहून पिशवीत मांडीवर धरून आणलं होतं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काल ग्रुपवर कुणाची तरी तुळस काळी पडल्याचा फोटो आला. मी लिहिलं, 'आधी कुंडी उचलून खाली काय आहे ते बघा आणि रोज पाणी किती घालता ते सांगा.'

माझ्या खाली लगेच उत्तर आलं, 'ताई, ताक घालून बघा.'