टोमॅटो, खारी आणि छऱ्याची बंदूक

न्यू जर्सीतल्या खारी टोमॅटो खात नाहीत, चाखतात. उद्या तोडू म्हणून आपण ठेवलेला टोमॅटो त्या आज पहाटे तोडतात, कुंपणावर बसून दोन्ही हातांत धरतात, एक चावा घेतात आणि तो तिथंच टाकून पुढच्याकडे वळतात. अख्खा खाल्ला असता तर पोटाचा प्रश्न म्हणून मी सोडून दिलं असतं. पण आमच्या घरात पानात टाकलेलं चालत नाही.

"बंदूक आण आणि घाल गोळी मेल्यांना," आई म्हणाली. आई उन्हाळ्यात आमच्याकडे असते. मुंग्यांना साखर घालणारी बाई, तिच्या तोंडून हे ऐकून मी हबकलो.

"अगं, खार ती. रामानं पाठीवरून बोटं फिरवली होती तिच्या."

आईनं चष्मा चढवून कुंपणाकडे नीट पाहिलं. "कुठायत बोटं? ह्या आल्याच नव्हत्या सेतूच्या कामाला."

खरंच होतं. इथली खार करडी, बिनपट्ट्याची आणि आपल्या खारीच्या चौपट वजनाची. धर्मसंकट मिटलं, फक्त बंदूक निवडायची राहिली. त्याच रात्री मी लॅपटॉप उघडला, आणि इतका खूश झालो की टोमॅटो मनात मागे पडले. पुरुषाला अडचण द्या, तो आधी तिच्यासाठी लागणारं सामान बघतो.

नेमबाजीचा माझा सगळा अनुभव जत्रेतल्या फुग्यांवरचा. फुगेवाला बंदूक मधोमध वाकवायचा, छर्रा घालायचा आणि खटकन सरळ करून हातात द्यायचा. नळी मुळातच वाकडी असे, त्यामुळे लाल फुगा फोडायचा तर पिवळ्यावर नेम धरावा लागे. इथल्या दुकानांत 'ब्रेक बॅरल' म्हणून अडीचशे डॉलरला मांडलेली वस्तू म्हणजे तीच ती, हे कळायला मला बराच वेळ लागला. फरक एवढाच की हिच्यावर दुर्बीण असते. त्यातही स्प्रिंगची बंदूक आधी मागे दणका देते आणि लगेच पुढे. त्या दुहेरी हिसक्यानं साधी दुर्बीण खिळखिळी होते, म्हणून दुर्बीणही खास घ्यायची. आणि अशी बंदूक घट्ट धरली तर नेम चुकतो. ती हातावर नुसती टेकवायची, बाळाच्या मानेखाली हात ठेवतो तशी. खारीचा इतका राग आलेला असताना हे जमवायचं!

मग छरा कुठला? .१७७ की .२२? पहिला साडेचार मिलिमीटरचा, ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलमध्ये वापरतात तो. दुसरा साडेपाचचा, जड आणि दणकट. याबाबत आमचा कोल्हापूरचा मित्र ठाम होता. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक घेतल्यापासून त्याला स्वतःच्या नेमाबद्दल शंका उरलेली नाही. एनसीसीच्या कॅम्पात झाडलेल्या मोजक्या गोळ्या एवढंच त्याचं भांडवल. "भावा, .२२ घे. डोळं झाकून घे." डोळे झाकून घ्यायला माझी हरकत नव्हती, फक्त झाडतानाही तसंच करायचं की काय, एवढं विचारायचं राहिलं.

खोक्यावरच्या आकड्यांची वेगळीच मजा. 'सेकंदाला १,२०० फूट!' हा वेग बहुतेक वेळा हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यानं काढलेला असतो. शिशाचा छरा घातला की आकडा गुपचूप खाली येतो. ते एका परीनं बरंच, कारण १,१०० फुटांच्या वर गेलं की छरा आवाजाच्या वेगाला गाठतो, फाटकन आवाज होतो आणि नेमही बिघडतो. म्हणजे खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला गुण हा बंदुकीचा दोषच. त्यापुढची पायरी म्हणजे आधीच दाबून हवा भरलेली बंदूक. हिला दणका नाही, आवाज कमी, नेम अचूक. फक्त तिच्यात ३,००० पीएसआय हवा भरावी लागते. माझ्या गाडीच्या टायरात ३३ असते आणि तीही मी पेट्रोल पंपावर जाऊन भरतो. तिचा हातपंप बघून बायको म्हणाली, "जिमचे पैसे तरी वाचतील."

मध्यरात्री मी इतिहासापर्यंत पोचलो होतो. १८०४ साली लुईस आणि क्लार्क अमेरिकेचा पश्चिम धुंडाळायला निघाले, तेव्हा त्यांच्याकडे अशीच हवेची बंदूक होती आणि वाटेत भेटणाऱ्या लोकांपुढे ते तिचं प्रात्यक्षिक करत. बायकोला उठवून हे सांगितलं. तिच्यावर छाप पडली नाही.

शेजारचे आजोबा पेन्सिल्व्हेनियातले, लहानपणापासून शिकारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून एक क्वार्टर काढला. "पंचवीस यार्डांवरून पाच छरे या नाण्याच्या आत बसतात का? बसत नसतील तर खारीवर झाडू नकोस. जखमी करणं वाईट." मग खारीचा रस्सा कसा करतात तेही सांगितलं. व्हर्जिनियातला प्रसिद्ध ब्रन्सविक स्ट्यू मुळात खारीचाच म्हणे. आई शेजारीच उभी होती. तिला मी भाषांतर करून दिलं नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, "कार्ड आहे ना?"

कसलं कार्ड? तर न्यू जर्सीत छऱ्याची बंदूक ही कायद्यानं बंदूकच. पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, आपली हमी देणारे ओळखीचे लोक, मग ओळखपत्र, मग खरेदी. डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेन्सिल्व्हेनियात, तीच वस्तू मासे पकडायच्या गळांशेजारी टांगलेली असते. इकडे मात्र ग्रीन कार्डासाठी दिले तसे ठसे आता खारीसाठी द्यायचे. शिवाय करडी खार हा इथं शिकारीचा प्राणी. तिचा हंगाम सप्टेंबरअखेर उघडतो, टोमॅटो पिकतात जुलै-ऑगस्टात. शिकारीत भरलेली बंदूक घेऊन कुणाच्या घराच्या ४५० फुटांच्या आत यायचं तर घरमालकाची लेखी परवानगी हवी. आमचं अंगण पन्नास फूट रुंद. ४५० फुटांत दोन गल्ल्या आल्या, आणि त्यात ज्यांच्याशी पार्किंगवरून आमचं बोलणं बंद आहे ते घरही आलं. इतकं करूनही, वस्तीत बंदूक झाडायची नाही असा आमच्या टाउनशिपचा नियम आहे तो आहेच.

हे सगळं जेवताना सांगितलं. आई भात कालवत म्हणाली, "तिखट टाक."

पक्ष्यांना तिखट लागत नाही, खारीला लागतं. हे मला नंतर वाचून कळलं, आईला कुठून माहीत ते विचारलं नाही. तिनं मिरची-लसणाचं पाणी काढून झाडांवर मारलं. दुसऱ्या सकाळी खारीनं टोमॅटोला तोंड लावलं, थबकली आणि तोंड गवतावर घासत सुटली. आई खिडकीतून समाधानानं बघत होती. आठवडाभर टोमॅटो टिकले. चिरंजीवांनी एक न धुता खाल्ला, तेव्हा घरात थोडा गोंधळ झाला तेवढाच.

मग रात्रभर पाऊस पडला, आणि सकाळी कुंपणावर चाखलेल्या टोमॅटोंची रांग.

मी दुसऱ्या फवाऱ्यासाठी लसूण सोलायला बसलो. आई मात्र परसात मेपलखाली फिरत होती. आली ती हातात दुबेळकं असलेली एक छान फांदी घेऊन. "नातवाच्या जुन्या सायकलची ट्यूब कुठंय रे?"

"आई, बेचकीसुद्धा नाही चालत इथं. पटेल असं कायदेशीर कारण नसेल तर जवळ बाळगणंही गुन्हा आहे. कायद्यात नाव घालून लिहिलंय."

"टोमॅटो हे कारण नव्हे?"

"ते कोर्टात सांगावं लागेल."

"सांगेन की," आई म्हणाली. "तू ट्यूब आण."