"अलोहा" म्हटलं की झालं, असं नाही

हवाईला जाणाऱ्यांसाठी एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो थोडक्यात असा: हवाईयन भाषेत जेमतेम बारा अक्षरं, त्यामुळे ती अगदी सोपी. "अलोहा" पाठ केलं की नमस्कार, निरोप आणि "माझं तुझ्यावर प्रेम आहे" ही तिन्ही कामं एका शब्दात होतात. या शब्दाची फोड "आलो" म्हणजे समोर आणि "हा" म्हणजे श्वास अशी. आणि शब्दांमधल्या त्या खुणा नुसती सजावट, त्या सोडल्या तरी चालतं. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

आधी खुणांचं बघू, कारण बाकीचं त्यांच्यावरच उभं आहे. इंग्रजी सहाच्या आकड्यासारखी दिसणारी ‘ ही खूण म्हणजे ओकिना. ते पूर्ण व्यंजन आहे. "नको" म्हणताना आपण तोंड मिटून "अंअं" करतो, तेव्हा मध्ये घसा क्षणभर बंद होऊन उघडतो. तोच हा उच्चार. पाच स्वर, सात व्यंजनं आणि ओकिना धरून अक्षरं तेरा होतात. बारा मोजणाऱ्यानं नेमकं हेच गाळलेलं असतं. दुसरी खूण काहाको, म्हणजे स्वरावरची आडवी रेघ. ती स्वर दीर्घ करते.

सजावट म्हणून या खुणा सोडल्या तर काय होतं, ते पहिल्याच ओळखीत कळतं. नाव विचारताना म्हणतात, "‘ओ वाइ कोउ इनोआ?" इथे "वाइ" म्हणजे "कोण"; ही भाषा नाव काय असं न विचारता कोण असं विचारते. उत्तर: "‘ओ सीमा को‘उ इनोआ." कोउ म्हणजे तुझं आणि को‘उ म्हणजे माझं. घशातला तो झटका गाळला, तर सीमा समोरच्यालाच सांगते की तुझं नाव सीमा आहे. रस्ता विचारतानाही तेच. होनोलुलूत दिशा सांगताना माकाइ म्हणजे समुद्राकडे आणि माउका म्हणजे डोंगराकडे, हे रोजचे शब्द. पण माकाइचा पहिला "मा" लांबवून शेवटच्या "इ"आधी ओकिना घातला, म्हणजे माका‘इ केलं, की तो शब्द पोलिसाचा होतो.

खुणा सोडा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करायला हवी. १८२०मध्ये आलेल्या मिशनऱ्यांनी १८२६मध्ये अक्षरं ठरवली, त्यात या खुणांना नियमित जागा मिळाली नाही. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत शंभराच्या आसपास वृत्तपत्रं निघाली आणि त्यातला बहुतेक मजकूर खुणांशिवायच छापला गेला. पण तो वाचणाऱ्यांच्या घरात भाषा बोलली जात होती. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, म्हणून मराठीतून ऱ्हस्व-दीर्घ गेलं नाही, तसंच हे. १८९६च्या कायद्यानं शाळांतलं शिक्षण इंग्रजीत आणलं, घरोघरची साखळी तुटली, आणि पुढे भाषा पुस्तकातून शिकणाऱ्यांना त्या खुणांची गरज पडली.

आता श्वासाची फोड. इथे मराठी वाचक विशेष फसतो, आणि दोष देवनागरीचा. "अलोहा" लिहिताना शेवटी काना द्यावाच लागतो, नाहीतर आपण "अलोह" असं पाय मोडून वाचू. त्यामुळे तो "हा" दीर्घ वाटतो आणि श्वासाच्या "हा"शी जुळल्यासारखा दिसतो. मूळ भाषेत श्वासाचा स्वर दीर्घ आहे आणि अलोहाचा शेवटचा ऱ्हस्व. न्यूझीलंडची माओरी, सामोअन आणि टोंगन या हवाईयनच्या बहीणभाषा. माओरीतही हाच फरक: श्वास दीर्घ, "आरोहा"चा शेवट ऱ्हस्व. सामोअन भाषेत हाच शब्द "आलोफा" आहे, टोंगनमध्ये "‘ओफा". म्हणजे माया, करुणा या अर्थाचा हा शब्द हवाई बेटांवर माणसं पोचण्याआधीपासूनचा आहे. श्वासाची प्रथा खरी आहे, पण ती वेगळी: होनी, म्हणजे नाकाला नाक लावून श्वास घेत भेटणं. "हाओले", म्हणजे परका किंवा गोरा माणूस, याचा अर्थ "श्वास नसलेला" लावतात, तोही असाच चुकतो. त्यासाठी "हा" दीर्घ हवा आणि पुढे ओकिना हवा. शब्दात दोन्ही नाहीत.

एका शब्दात सगळं भागतं, हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण त्यामुळे भाषेची खरी गोडीच हातून निसटते. नुसतं "अलोहा" भेटताना आणि निरोप घेताना चालतं, यात वाद नाही. पण समोर किती माणसं आहेत हे भाषा विचारते. एकाला "अलोहा ‘ओए", दोघांना "अलोहा ‘ओलुआ", तिघांना किंवा जास्त जणांना "अलोहा ‘ओउकोउ". त्याहून आपुलकीचं म्हणजे स्वतःलाही त्यात घेणं: मी आणि तू असे दोघंच असलो तर "अलोहा काउआ", सगळे मिळून असलो तर "अलोहा काकोउ". सभेत बोलायला उभं राहिलेला माणूस बहुधा काकोउनंच सुरुवात करतो.

इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजायला वेळ लागतो, कारण त्याच्याकडे "वी" एकच. मराठी माणसाकडे आपण आणि आम्ही आहेत. काकोउ म्हणजे आपण, माकोउ म्हणजे आम्ही. म्हणून "अलोहा माकोउ" असं अभिवादन करायचं नाही. ते ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं. फक्त दोघांसाठीचं रूप आपल्याकडे उरलेलं नाही, तेवढं नव्यानं अंगवळणी पाडावं लागतं.

वेळेप्रमाणेही बदल होतो. सकाळी "अलोहा काकाहिआका", साधारण दहा ते दोन "अलोहा अवाकेआ", दुपार कलल्यावर "अलोहा ‘आउइनाला" (शेवटचा "ला" दीर्घ), संध्याकाळी "अलोहा अहिआही". आणि प्रेम व्यक्त करायला पूर्ण वाक्य लागतं: "अलोहा आउ इआ ‘ओए."

"पेहेआ ‘ओए?" म्हणजे कसा आहेस, उत्तर "माइका‘इ नो, आ ‘ओ ‘ओए?" म्हणजे बरं आहे, आणि तू? आभार "महालो", खूप आभार "महालो नुइ लोआ". कचऱ्याच्या डब्यांवर हा शब्द दिसतो म्हणून त्याचा अर्थ कचरा, असं काही प्रवासी समजतात. तिथे तो डबा वापरल्याबद्दलचा धन्यवाद असतो. आभाराला उत्तर "हे मेआ इकी", छोटीशी गोष्ट. चुकलं तर "ए काला माइ". दारातल्या माणसाला "ए कोमो माइ", म्हणजे आत या.

"डब्ल्यू"चा उच्चार नेहमी "व्ही" करा, असंही सांगतात. तसं नाही: "इ" आणि "ए" नंतर तो बहुधा "व्ही"कडे झुकतो, "उ" आणि "ओ" नंतर "डब्ल्यू"कडे, आणि शब्दाच्या सुरुवातीला किंवा "आ" नंतर दोन्ही चालतात. आपला "व" या दोन्हींच्या मधलाच, तो तसाच राहू द्यावा.

निघताना पुन्हा भेटायची इच्छा असेल तर "आ हुइ होउ" म्हणावं, म्हणजे पुन्हा भेट होईपर्यंत. सगळ्यांचा एकत्र निरोप घ्यायचा तर त्यालाही "काकोउ" जोडावं.