क्रूझला निघालात? टॉवेल घेतला का?

गेल्या आठवड्यात आम्ही क्रूझ करून आलो. आम्ही म्हणजे मी, बायको, दोन पोरं आणि माझी आई. रात्री सोलापुरात सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, टॅक्सीनं बॅलार्ड पिअर, तिथून जहाज, गोवा, परत. तीन रात्री. पैसे किती गेले ते विचारू नका, बायकोलाच अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तर आल्यापासून जो भेटतो तो म्हणतोय, आम्ही पण जावं म्हणतोय बरं का, जरा टिप्स द्या की. देतो ना! बरोबरच्या प्रवाशांकडून इतकं शिकून आलोय की स्वतःपाशी ठेवलं तर पाप लागेल. घ्या लिहून.

पहिलं म्हणजे ग्रुप करा. चार-पाच माणसांनी क्रूझला जाण्यात काय राम आहे? बावीस जण पाहिजेत, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, पाठीवर 'अमुकतमुक फॅमिली ऑन बोर्ड' छापलेलं. हे बावीस जण कायम एकत्र हलले पाहिजेत आणि कॉरिडॉर सगळ्यात अरुंद जिथं असेल तिथं थांबून 'आता कुठं जायचं' याची मीटिंग घेतली पाहिजे. मागं लोक उभे आहेत? असू दे की, समुद्रातच तर आहेत, जाणार कुठं.

लिफ्टचं दार उघडलं की आधी आत घुसा, आतले उतरतील सावकाश.

पोरांनी लिफ्टची अकराच्या अकरा बटणं दाबली तर रागावू नका, 'फार अ‍ॅक्टिव्ह आहे ओ' म्हणा आणि मोबाईलमध्ये बघा.

आता सेफ्टी ड्रिल. जहाज सुटायच्या आधी हे एक झेंगट असतंय. सात छोटे भोंगे आणि एक लांब, तो वाजला की आपापल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात गोळा व्हायच्या ठरलेल्या जागी जायचं, कुठलं ते रूमच्या कार्डावर लिहिलेलं असतं, तिथं लाईफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. तुम्ही अजिबात जाऊ नका. तुम्ही सुट्टीला आलाय, शाळेत नाही. आधी आंघोळ करा, मग चहा घ्या, मग कोणीतरी दार वाजवायला आलं की 'हां हां आ रहे है' म्हणा आणि परत आडवे व्हा. कारण ते लोक काय करतात, डोकी मोजतात, आणि मोजणी पुरी होईपर्यंत बाकीच्यांना सोडत नाहीत. आमच्या स्टेशनवर सहा डोकी कमी होती. पाऊण तास आम्ही उभे, घामानं चिंब, माझी आई एक्काहत्तर वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधून उभी, आणि पाऊण तासानं ती सहा डोकी आली, पिवळे टी-शर्ट, हातात आईस्क्रीम. त्यातला एकजण वर मलाच म्हणतो, 'काही होत नाही ओ, फॉर्मॅलिटी असते नुसती.'

फॉर्मॅलिटी. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज खडकावर आपटून आडवं झालं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल झालंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी घेऊ म्हणून ठेवलेलं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावंच लागतं. म्हणजे हा नियम ३२ मुडद्यांवर उभा आहे आणि आपले साहेब मँगो की बटरस्कॉच यात अडकलेत. असो. टिप्स चालल्यात ना, टिप्सच देतो.

बुफे. बुफेच्या दारात एक पोरगा हातावर सॅनिटायझर घालायला उभा असतो. त्याला लांबूनच 'ऑलरेडी, ऑलरेडी' म्हणा. साबणानं हात धुवायचा तर विषयच काढू नका. जहाजावर नोरोव्हायरस पसरला तर शेकडो लोकांना एकदम जुलाब-उलट्या लागतात आणि त्याला नुसतं सॅनिटायझर नीट पुरत नाही, साबण-पाणीच लागतं, पण हे डॉक्टर लोकांचं खूळ आहे. तुम्ही चिमटा बाजूला ठेवून सरळ हातानं पापड उचला. कुस्करून बघा कुरकुरीत आहे का. नसला तर परत ठेवा, दुसरा बघा. गुलाबजाम नऊ घ्या, खा दोन. उरलेल्या सातांत टिश्यू खोचून ताट तिथंच सोडून जा. पैसे भरलेत! (आम्ही पण शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती, बाहेरचं खाणं आणू नका लिहिलेलं असताना, आईच्या औषधाच्या पिशवीत घालून. ते वेगळं. चटणीशिवाय सोलापूरचा माणूस तीन दिवस काढेल कसा?)

रात्री अडीच वाजता ब्लूटूथ स्पीकर. कॉरिडॉरमध्ये. एवढंच.

बाल्कनीत सिगारेट ओढून थोटूक खाली टाका, खाली समुद्रच आहे. समुद्राच्या आधी दुसऱ्याची बाल्कनी लागते हे तिथं कोण बघतंय. २००६ साली स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजाच्या बाल्कन्यांना रात्री आग लागली ती असल्याच थोटकानं लागली असावी असा निष्कर्ष निघाला, पण ते लांब तिकडं जमैकाजवळ झालं, आपल्या थोटकाचं काय एवढं.

वेटरच्या छातीवर त्याचं नाव लिहिलेलं असतं ते चुकूनही वाचू नका. 'ए चायना, पानी ला' असं ओरडा. पोरगा मणिपूरचा होता. हसला आणि पाणी घेऊन आला, आणि टेबलावरचे सगळे पण हसले, आणि मी खाली मान घालून भात कालवत बसलो, ते मला अजून आठवलं की कसंतरी होतंय.

बरं आता मुख्य टिप. बाकीच्या विसरलात तरी चालेल. टॉवेल न्या.

तुम्हाला वाटेल पुसायला. पुसायला कशाला, जहाजावर देतात की टॉवेल. हा टॉवेल खुर्चीवर टाकायला. वरच्या डेकवर पूलच्या बाजूला, कठड्याच्या कडेनं आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, सगळ्यांसाठी. तर सकाळी सहाला, बाकीचं जहाज घोरत असताना, ग्रुपमधल्या एका काकांनी उठायचं, खांद्यावर आठ टॉवेल घ्यायचे आणि आठ खुर्च्यांवर एकेक टाकून यायचं. मग निवांत झोपा, नाष्टा करा, हौजी खेळा, जेवा, वामकुक्षी काढा. खुर्ची तुमची. आपल्याकडं हे शास्त्र जुनं आहे. स्टँडवर तुळजापूरची गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आपली हयात गेली, त्या रुमालाचा टॉवेल झाला एवढंच. पण एसटीतल्या त्या रुमालाला काहीतरी कारण तरी होतं ओ! गाडीत जागा पन्नास आणि खाली माणसं दीडशे, त्यातली दोन म्हातारी, एक बाळंतीण, रुमाल टाकला नाही तर तुळजापूरपर्यंत दांडीला लोंबकळत जायचं. आणि रुमालामागनं माणूस यायचा. धापा टाकत यायचा, पण यायचाच! इथं तुमच्या टॉवेलमागनं कोण आलं?

तिसऱ्या दिवशीची गोष्ट सांगतो. जहाज परत मुंबईकडं, म्हणजे उत्तरेला निघालेलं, सूर्य डाव्या हाताला बुडणार होता. आईला ते बघायचं होतं. माझ्या आईनं जन्मात पाणी बघितलंय ते सिद्धेश्वर तळ्याचं, कंबर तलावाचं आणि पाण्याच्या पाळीच्या दिवशी नळ आल्यावर बादलीतलं. जहाजावर समुद्राचंच पाणी गोडं करून चोवीस तास नळाला येतं असं मी तिला सांगितलं तरी ती बाथरूममध्ये बादली शोधत होती, भरून ठेवायला. शेवटी कचऱ्याचा डबा धुऊन भरून ठेवला. मी हसलो, पण तिचं मला समजतंय. वर्षानुवर्षांची सवय, काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची. आणि तिच्या त्या डब्यानं दुसऱ्या कुणाचा नळ बंद पडला नाही.

तर साडेपाचला तिला घेऊन वर गेलो. कठड्याजवळ आठ खुर्च्या. एकीवर एक वहिनी बसलेल्या, सात खुर्च्यांवर टॉवेल. एकावर गॉगल, एकावर सनस्क्रीनची ट्यूब, एकावर एकच चप्पल. जवळच्या खुर्चीवरचा टॉवेल पिवळा, काठाला हिरवी पट्टी, आणि तो मी लांबूनच ओळखला. आमचे वडील बावीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला होते, काठ बघितला की मला कळतं माल कुठला. सोलापूरचा होता! आपल्याच गावच्या टॉवेलनं भर समुद्रात आपली खुर्ची मारलेली.

'वहिनी, इथं कोणी आहे का?'

'हो, आमचे येणारेत.'

'कधी?'

'येतीलच की आता. नाष्ट्याला गेलेत.'

संध्याकाळी साडेपाचला नाष्टा. मी म्हटलं, 'तुम्ही सोलापूरचे का ओ?'

'अय्या! तुम्ही पण? कुठले?'

'विजापूर रोड.'

'आम्ही जुळे सोलापूर! बघा बाई, एवढ्या लांब येऊन गावचीच माणसं भेटतात.' मग त्यांनी आईला विचारलं काकू कशा आहात, पाय दुखतात का, वारं सोसतं का, आमच्या सासूबाईंचे पण गुडघे असेच होते, मग ऑपरेशन केलं, डॉक्टर फार चांगले आहेत, नंबर देऊ का. सगळं विचारलं. खुर्ची सोडून सगळं दिलं. शेवटी मीच म्हटलं, आईला दहा मिनिटं टेकू द्या, सूर्य बुडाला की उठवतो. तर वहिनी एकदम हळू आवाजात, जणू माझ्याच भल्याचं सांगतायत अशा, 'मी दिली असती ओ, पण ती आमच्या जाऊबाईंची आहे.'

आई म्हणाली, 'असू दे रे, उगं वाद घालू नको.' आणि जिन्याच्या लोखंडी पायरीवर बसली. तिथनं समुद्र दिसत नव्हता, वहिनींच्या खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या. मी तिला धरून उभी केली, कठड्याला टेकवली, तेवढ्यात तिचे पाय भरून आले, परत बसवली. सूर्य गेला. खुर्च्या तशाच. सात टॉवेल सूर्यास्त बघत पडलेले.

बास. आता टिपा-बिपा राहू द्या बाजूला.

अहो, लाज वाटत नाही का? टॉवेलला समुद्र दिसतो का? जाऊबाई आल्या असत्या तर उठली असती माझी आई, तिच्या वयाची माणसं दुसऱ्याच्या खुर्चीत पाच मिनिटं जास्त बसत नाहीत, उठायच्या काळजीनंच अर्धी होतात. एसटीला जागा कमी होत्या, नळाला पाणी कमी होतं, रेशनला रॉकेल कमी होतं, सगळं मान्य, आपण सगळेच त्यातनं आलोय. पण इथं काय कमी होतं? तुम्ही हजारो रुपये मोजून चढलात, तीन वेळा खायला, चोवीस तास पाणी, चारी बाजूंनी समुद्र, आणि तरी तुम्हाला एका म्हातारीला दहा मिनिटं खुर्ची सोडवत नाही? ड्रिलला तुम्हीच उशिरा, वेटरला तुम्हीच ओरडणार, पापड तुम्हीच कुस्करणार, रात्री स्पीकर तुमचाच. आणि गावी आल्यावर स्टेटसला तेच फोटो, 'फॅमिली टाइम', खाली हात जोडलेले. आणि मी पण शहाणा, तिथंच सगळ्यांसमोर टॉवेल उचलून बाजूला फेकायचा सोडून 'बरं बरं' म्हणून आलो. गावची माणसं पडली ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई आली. उतरायच्या आधी आई म्हणाली, एकदा वर जाऊन येऊ. डेक सगळा रिकामा, तुमचा ग्रुप सगळ्यात आधी बॅगा घेऊन दाराशी रांगेत घुसलेला. खुर्च्यांवर कोणी नाही. फक्त एका खुर्चीवर तो पिवळा टॉवेल, रात्रभर खाऱ्या वाऱ्यानं ओलसर झालेला, तसाच. तुम्ही उतरून चाललात तरी खुर्ची धरलेलीच होती. मी तो उचलला आणि आईला तिथं बसवलं. समोर धुरकट मुंबई आणि मालाच्या बोटी. आई म्हणाली, 'छान वाटतंय रे.'

तर जुळे सोलापूरच्या वहिनी, टॉवेल माझ्याकडं आहे. पिवळा, हिरव्या काठाचा. बुधवारी नळ आला तेव्हा आईनंच धुतला, घडी करून ठेवलाय. घेऊन जावा कधी पण. आमच्याकडं खुर्च्या चार आहेत, त्यातल्या कुठल्याच खुर्चीवर टॉवेल नाही.