पहिला वर्ल्ड कप १९३० चा, पहिली स्पर्धा नव्हे

वर्ल्ड कप जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो: "१९३० साली उरुग्वेत झालेला वर्ल्ड कप ही राष्ट्रीय संघांची जगातली पहिली फुटबॉल स्पर्धा. त्याआधी देश आपसात नुसते मैत्रीचे सामने खेळत. ऑलिंपिकचा फुटबॉल हौशी खेळाडूंचा, तो धरायचा नाही." यातलं शेवटचं विधान थोडंसं खरं आहे, आणि त्याच्या आधाराने बाकीची दोन खपतात.

पहिल्या विधानाला ४६ वर्षं आधीचं उत्तर आहे. जानेवारी १८८४ मध्ये बेलफास्टला स्कॉटलंडने आयर्लंडला ५-० हरवलं आणि ब्रिटिश होम चॅम्पियनशिप सुरू झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड. प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना. स्कॉटलंडने तिन्ही जिंकून ती पटकावली. हे आपोआप घडलं नाही. तोवर थ्रो-इन, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू परत आत, कसा टाकायचा यावरही इंग्लंड-स्कॉटलंडचं एकमत नव्हतं. डिसेंबर १८८२ मध्ये चारही देशांच्या फुटबॉल संघटना मँचेस्टरला बसल्या, नियम एक केले, तेव्हा कुठे स्पर्धेची वाट मोकळी झाली.

मैत्रीचे सामने? मग १९१६ चं ब्युनोस आयर्स पाहा. अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि चिली अशी दक्षिण अमेरिकेची स्पर्धा भरली; आजची कोपा अमेरिका ती हीच. उरुग्वेने चिलीला ४-० हरवलं, त्यात दोन गोल इसाबेलिनो ग्रादीनचे. उरुग्वेने दोन आफ्रिकन खेळवले अशी तक्रार चिलीकडून झाली. ते दोघे म्हणजे ग्रादीन आणि हुआन देल्गादो, उरुग्वेचेच कृष्णवर्णीय नागरिक. स्पर्धेत सर्वाधिक गोल ग्रादीननेच केले. १९३० पासून मोजायला लागलं की हा माणूसच इतिहासातून पुसला जातो, मला सर्वांत खटकतं ते हे. अर्जेंटिना-उरुग्वे हा शेवटचा सामना गर्दीमुळे थांबवावा लागला आणि चिडलेल्या लोकांनी स्टँड पेटवून दिले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अवेयानेदा शहरात ०-० बरोबरी झाली आणि विजेतेपद उरुग्वेला गेलं. मैत्रीच्या सामन्यासाठी कोणी स्टँड जाळत नाही.

आता ऑलिंपिक. १९०८ आणि १९१२ चा विजेता ब्रिटिश संघ हौशी होता, तिथले व्यावसायिक खेळाडू त्यात नव्हते, हे मान्य. पण १९२४ ला पॅरिसमध्ये २२ संघ उतरले. १९३० ला १३ होते आणि त्यातले युरोपचे फक्त चार. १९२४ आणि १९२८ ची दोन्ही सुवर्णपदकं उरुग्वेची. नासासी, आंद्रादे, स्कारोने हे त्या संघांतले खेळाडू १९३० ची अंतिम लढतही खेळले. दोन वर्षांत ते हौशीचे विश्वविजेते झाले, यात बदललं ते स्पर्धेचं नाव. आणि ब्रिटिश व्यावसायिक नव्हते म्हणून ऑलिंपिक बाद करायचं, तर १९३० लाही ते नव्हतेच. त्यांच्या संघटना १९२८ मध्येच फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेतून बाहेर पडल्या होत्या.

होम चॅम्पियनशिप ही चार शेजाऱ्यांची घरगुती स्पर्धा होती, असंही कोणी म्हणतं. फिफाने मात्र १९५० च्या ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपसाठी तिलाच पात्रता गट मानलं आणि पहिल्या दोघांना जागा दिली. स्कॉटलंडने आधीच जाहीर केलं होतं की आम्ही जाऊ तर विजेते म्हणूनच. इंग्लंडकडून १-० हरून ते दुसरे आले, आणि ब्राझीलला गेले नाहीत.