ऑक्सिमीटरचा आकडा, ओला रुमाल आणि गूळ-दूध

कुठे मोठी आग लागली की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : आगीत अडकल्यास नाकातोंडावर ओला रुमाल धरावा, म्हणजे धूर बाधत नाही; अंगावर भाजल्याची खूण नसेल आणि ऑक्सिमीटरवर ९५ च्या वर आकडा दिसत असेल, तर फुप्फुसे सुखरूप समजावीत; आणि घरी आल्यावर गूळ खाऊन गरम दूध प्यावे, म्हणजे छातीतला धूर निघून जातो.

ओल्या कापडात काजळीचे काही कण अडकतात, एवढे खरे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र त्यातून आरपार जातो. त्यामुळे रुमाल भिजवण्यासाठी आत वळण्यापेक्षा ते क्षण खाली वाकून बाहेर पडण्यात घालवावेत. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ जण दगावले. त्यांतील अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता आणि ते तेथेच गुदमरले. पाणी तेथे हाताशी होते.

भाजल्याची खूण नसणे हा तर फारच कच्चा पुरावा आहे. कोरडी तप्त हवा नाकाघशातून जाताना बरीच निवते आणि स्वरयंत्रही झटकन मिटते, म्हणून उष्णतेची इजा बहुधा स्वरयंत्राच्या वरच राहते. वाफ मात्र अधिक उष्णता वाहून नेत असल्याने खालपर्यंत भाजू शकते. फुप्फुसांपर्यंत पोचतो तो धूर. विजेच्या तारांवरचे पीव्हीसी प्लास्टिक जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू श्वासमार्गाच्या ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो, आतले अस्तर सुजते, सोलवटते आणि त्याचे तुकडे व चिकट स्राव बारीक श्वासनलिका बुजवतात. शिवाय घशाची सूज लगेच दिसत नाही, ती काही तासांत, कधी २४ तासांपर्यंत वाढत जाते. रात्री नीट बोलणाऱ्या माणसाचा आवाज पहाटे घोगरा होतो आणि श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागतो. नाकातले करपलेले केस आणि काळपट थुंकी या त्याआधी दिसू शकणाऱ्या खुणा आहेत.

संदेशातील सर्वांत घातक भाग ऑक्सिमीटरचा. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि बोटातून प्रकाश सोडून रक्ताचा रंग जोखणाऱ्या साध्या यंत्राला या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणजे रक्तात विषारी वायू भरलेला असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. खरे प्रमाण रुग्णालयातील रक्ततपासणीतच समजते. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. घरी आकडा पाहत बसणाऱ्याच्या हातून नेमका हाच वेळ जातो. सोफ्यातला फोम जळून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही निघतो, जो पेशींना मिळालेला ऑक्सिजन वापरूच देत नाही. त्याचा पत्ता तर या यंत्राला मुळीच लागत नाही.

राहता राहिले गूळ-दूध. ते अन्ननलिकेतून जठरात जाते, श्वासनलिकेत नव्हे. सुजलेल्या घशात मात्र घोट चुकून श्वासमार्गात उतरू शकतो, आणि श्वासासाठी नळी घालायची वेळ आली तर भरल्या पोटामुळे उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांनी तपासेपर्यंत अशा माणसाला काहीही खाऊपिऊ घालू नये.